वाळवंटी डोंगरांतला वणवा: टेहळणी कशी होते आणि वेढा कसा पडतो

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: आपले नातेवाईक ॲरिझोनात, फिनिक्सच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी राहतात. मागच्या डोंगरांत वणवा लागून आठवडा होत आला, तरी सरकारी पत्रकातला ‘वेढा १० टक्के’ हा आकडा हलत नाही. उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपके कधी दिसतात, कधी नाहीसे होतात. विमाने येतात, लाल द्रव टाकतात आणि निघून जातात. मुळात वाळवंटात जळण्यासारखे असते तरी काय, आणि एवढी यंत्रणा हाताशी असताना माणसे थेट जाऊन आग का विझवत नाहीत, असे आपण विचारले आहे.

वणवा पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधणे आणि तो जाळरेषेवरच्या (आग अडवण्यासाठी गवत-झुडपे काढून मोकळ्या केलेल्या पट्टीवरच्या) तुकड्यांपर्यंत वेळेत पोचवणे हे माझे काम राहिले आहे. त्या अनुभवावरून मुख्य गोष्ट आधी सांगतो. खडकाळ वाळवंटी प्रदेशात आग आज जिथे आहे तिथे ती बहुधा अडवता येत नाही. ती जिथे येणार आहे अशा, आपल्याला उभे राहता येईल अशा जागी तिच्याआधी पोचावे लागते. त्यामुळे तिच्यावर नजर ठेवणे हा विझवण्याच्या कामाचाच अर्धा भाग ठरतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला जे दिवस निष्क्रिय वाटतात त्यांतले पुष्कळसे दिवस प्रत्यक्षात या तयारीचे असतात.

जळते काय, हा प्रश्न अगदी योग्य आहे. सोनोरन वाळवंटाची मूळ रचना आगीला पोषक नव्हती. साग्वारो निवडुंग, पालो वर्दे आणि क्रिओसोटची झुडपे यांच्यामध्ये उघडी जमीन असे आणि एखाद्या झाडावर वीज पडली तरी आग त्या झाडापुरतीच राही. ही मोकळी जागा आता परदेशी गवतांनी भरून काढली आहे. भूमध्य सागराच्या परिसरातून आलेले रेड ब्रोम हे वर्षायू गवत हिवाळ्याच्या पावसावर उगवते आणि मे महिन्यापर्यंत वाळून कोळ होते. आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणि धूप रोखण्यासाठी आणलेले बफेल गवत बहुवर्षायू आहे. ते दाट ठोंब करते आणि खडकाळ उतारावर तर विशेष फोफावते. या गवतामुळे एका झुडपाची आग दुसऱ्यापर्यंत पोचायला अखंड वाट मिळाली आहे.

म्हणूनच या भागात कोरड्या वर्षापेक्षा ओल्या हिवाळ्यानंतर येणाऱ्या उन्हाळ्याची मला अधिक धास्ती वाटते. २००४-०५ चा हिवाळा भरपूर पावसाचा गेला आणि २००५ च्या जूनमध्ये फिनिक्सच्या उत्तरेला ‘केव्ह क्रीक कॉम्प्लेक्स’ हा वणवा २ लाख ४० हजारांहून अधिक एकरांवर पसरला. २०२० च्या जूनमध्ये टाँटो राष्ट्रीय वनात रस्त्याकडेला पेटलेल्या एका वाहनातून ‘बुश फायर’ सुरू झाला आणि त्याने १,९३,४५५ एकर क्षेत्र जाळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात विजेमुळे लागलेल्या ‘डोम फायर’ने ४३,२७३ एकर जाळले आणि त्यात सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष मेले असा अंदाज राष्ट्रीय उद्यान सेवेने दिला. ज्या वनस्पतींना आगीतून सावरण्याची सवयच नाही त्यांचे असे होते. साग्वारो तर आगीनंतर काही वर्षे हिरवा दिसत राहतो आणि मग कोसळतो, त्यामुळे पहिल्या पाहणीत नोंदवलेले नुकसान नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असते.

आता भूप्रदेशाकडे येऊ. उतारावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवून वाळवतात आणि आग चढणीला सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने धावते. दोन सोंडांमधली अरुंद, उभी घळ असेल तर ती धुराड्यासारखी हवा वर खेचते. अशा घळीच्या तोंडाशी आग पोचली की माथ्यापर्यंत जायला तिला काही मिनिटे पुरतात. आग धारेवर पोचली की तिचा जोर ओसरतो, पण तिथून दुसराच धोका सुरू होतो. अगेव्ह, सोटोल, युका यांचे जळते गड्डे मुळापासून सुटतात आणि उतारावरून गडगडत खाली जातात. वाटेत ते न जळलेल्या गवतात जाऊन अडकले की तिथे नवी आग लागते, आणि ती पुन्हा चढणीला धावते. म्हणजे वरच्या बाजूला काम करणाऱ्या तुकडीच्या पायाखालीच आग येते. यासाठी उतारावरच्या जाळरेषेला खालच्या बाजूने खोल चर आणि बांध घालावा लागतो, जेणेकरून गडगडत आलेला निखारा त्यात अडकेल. खडकात असा चर खणणे किती वेळखाऊ आहे हे नकाशावर कधीच दिसत नाही.

वाऱ्याचा रोजचा क्रमही डोंगर ठरवतो. दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर वाहतो, सूर्य मावळल्यावर तो खाली वळतो. दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचते, आर्द्रता थोडी सावरते आणि आग मंदावते. परंतु उताराच्या मधल्या पट्ट्यात उबदार हवेचा थर टिकून राहतो. तिथे रात्रभर आर्द्रता वाढत नाही आणि पायथ्याशी सारे शांत वाटत असताना मध्यावर आग चालूच असते. आपल्या नातेवाइकांना रात्री डोंगराच्या कमरेला लाल रेघ दिसत असेल तर तिचे कारण बहुधा हेच आहे.

उपग्रहाच्या ठिपक्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे विनाकारण घबराटही पसरते आणि विनाकारण निश्चिंतीही येते. सुओमी एनपीपी आणि नोआ मालिकेतील ध्रुवीय कक्षेच्या उपग्रहांवर ‘व्हिअर्स’ हे उपकरण असते. ते ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णता टिपते आणि प्रत्येक उपग्रह एका ठिकाणावरून साधारणपणे दुपारी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा जातो. नकाशावरचा ठिपका त्या चौकटीचा मध्य असतो. ज्वाळा चौकटीत कुठेही असू शकते. गोज मालिकेतील भूस्थिर उपग्रह अमेरिकेवर दर पाच मिनिटांनी नजर फिरवतात, परंतु त्यांची उष्णतेची चौकट सुमारे दोन किलोमीटरची असते. आग लागल्याची पहिली वर्दी देण्यास आणि ती एकाएकी भडकल्याचे सांगण्यास ते उत्तम आहेत. आगीची कड नेमकी कोणत्या ओढ्यात आहे हे ते सांगू शकत नाहीत.

वाळवंटात यात आणखी एक मेख आहे. वर्षायू गवत झरझर जळून विझते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात आग एखादा अख्खा उतार खाऊन पुढे निघून गेली, तर त्या उतारावर एकही ठिपका उमटत नाही. उलट जुनिपरचे खोड किंवा पॅकरॅट या उंदराने काटक्या रचून केलेले मोठे घरटे दिवसेंदिवस धुमसते आणि आग पुढे सरकत नसतानाही ठिपका दाखवत राहते. त्यामुळे ठिपके नाहीत म्हणजे आग विझली असे समजू नये आणि ठिपके वाढले म्हणजे आग गावाकडे निघाली असेही समजू नये. व्यवस्थापन पथक स्वतः ज्यावर विसंबते तो नकाशा वेगळा असतो. वन सेवेची इन्फ्रारेड उपकरणे बसवलेली विमाने रात्री आगीवरून उडतात आणि पहाटेपर्यंत कडेचा सविस्तर नकाशा तयार होतो. उड्डाणाची वेळही महत्त्वाची असते: दिवसभर तापलेला काळा खडक संध्याकाळीसुद्धा उष्णता सोडत असतो, म्हणून रात्र जितकी पुढे सरकलेली तितकी खडक आणि निखारा यांतील फरक अधिक स्पष्ट होतो. छोट्या घळी तपासण्यासाठी आता तुकड्या स्वतःचे ड्रोनही वापरतात.

या साऱ्या साधनांनंतरही धारेवर बसलेल्या टेहळ्याची जागा कोणी घेऊ शकलेले नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरील पिशवीत एक साधे उपकरण असते: शेजारी शेजारी बसवलेले दोन तापमापक, त्यांपैकी एकाच्या फुग्यावर कापडी वात. वात क्षारविरहित पाण्याने भिजवायची, सावलीत वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे, उपकरण साखळीने गरगर फिरवायचे, ओल्या तापमापकाचा पारा उतरत उतरत स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहायचे आणि मग दोन आकड्यांच्या फरकावरून तक्त्यात आर्द्रता काढायची. हातातला वारामापक वर धरून झोत आणि सरासरी नोंदवायची, उताराची दिशा आणि सावली लक्षात घेऊन बारीक वाळल्या गवतातील ओलावा ठरवायचा आणि सगळे रेडिओवर वाचून दाखवायचे. हे दर तासाला होते, परिस्थिती बदलू लागली तर त्याहून वारंवार. जूनच्या दुपारी आर्द्रता एक आकडी होते आणि गवतातला ओलावा पाच टक्क्यांच्या खाली जातो. त्या अवस्थेत उडालेली जवळजवळ प्रत्येक ठिणगी पेट घेऊ शकते. लांबच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा वेगळ्या उंचीवरचा आणि वेगळ्या उताराचा असतो. ज्या उतारावर माणसे उभी आहेत त्याची खबर तिथल्याच माणसाकडून घ्यावी लागते.

टेहळ्याने आगीइतकेच आकाशाकडे का पाहायचे, याची किंमत ॲरिझोनाने मोजलेली आहे. जूनअखेरीस मान्सूनची पहिली गडगडाटी वादळे येतात. त्यांतला पाऊस पुष्कळदा जमिनीवर पोचण्याआधीच बाष्प होऊन जातो, ती हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि सर्व दिशांना पसरते. वादळ कित्येक किलोमीटर दूर असले तरी हा झोत पोचतो आणि वाऱ्याची दिशा काही मिनिटांत उलटवतो. आगीची जी बाजू सकाळपासून शांतपणे मागे सरकत होती तीच तिचे तोंड बनते. २६ जून १९९० रोजी पेसनजवळच्या ‘ड्यूड फायर’मध्ये असेच झाले आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या आगीत तुकडीप्रमुख म्हणून असलेल्या पॉल ग्लीसन यांनी पुढल्या वर्षी चार गोष्टींचा नियम मांडला: टेहळ्या, संपर्क, सुटकेच्या वाटा आणि सुरक्षित जागा. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी काम सुरू करायचे नाही. ३० जून २०१३ रोजी यार्नेल हिल येथे विजेने लागलेल्या आगीत वादळाच्या झोताने वारा फिरला आणि ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ या तुकडीतील १९ जण दाट झुडपांच्या एका खोऱ्यात सापडून मरण पावले. थेट जाऊन आग का विझवत नाहीत, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर या दोन तारखांत आहे. जिथून तुकडी चालत परत येऊ शकत नाही अशा घळीत निवडुंग आणि गवत वाचवण्यासाठी माणसे पाठवू नयेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

हाताच्या अवजारांनी थेट कडेवर काम करता येण्याची मर्यादाही ठरलेली आहे. ज्वाळा साधारण सव्वा मीटरपर्यंत असतील तर पुलास्की (एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले अवजार) आणि फावडी घेऊन माणसे कडेला भिडू शकतात. त्यावर अडीच मीटरपर्यंत बुलडोझर, पाण्याचे बंब आणि विमाने लागतात. त्यापुढे आगीच्या तोंडासमोर उभे राहण्यात अर्थ नसतो. दाट बफेल गवत वाऱ्यात पेटले की ही शेवटची मर्यादा सहज ओलांडली जाते. मग नियोजक नकाशावर मागे सरकतात आणि आधाराच्या जागा शोधतात: रस्ता, कोरड्या नदीचे रुंद वाळूचे पात्र, उघड्या खडकाची धार किंवा मागच्या वर्षीच्या आगीने रिकामे केलेले क्षेत्र. जिथून आग वळसा घालून पाठीमागे येऊ शकणार नाही अशा पक्क्या ठिकाणापासून जाळरेषा सुरू होते. रेषा तयार झाली की अनुकूल वाऱ्याच्या वेळेत, बहुधा संध्याकाळनंतर किंवा पहाटे, रेषेपासून मुख्य आगीपर्यंतचे गवत मुद्दाम पेटवून संपवले जाते. दुरून पाहणाऱ्याला आग अचानक गावाच्या दिशेने वाढल्यासारखी दिसते, जळालेल्या एकरांचा आकडाही उसळतो. पण पुष्कळदा ती वाढ आपल्याच माणसांनी घडवलेली असते.

विमानांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. लाल द्रव हे पाण्यात कालवलेले प्रामुख्याने अमोनियम फॉस्फेट असते आणि लाल रंग केवळ वैमानिकांना कुठे पडले ते दिसावे म्हणून घातलेला असतो. ते आगीवर टाकत नाहीत. आगीपुढच्या गवतावर त्याची पट्टी मारतात, म्हणजे पाणी उडून गेल्यावरही गवत सहजी पेटत नाही. एक इंजिनाचे छोटे विमान सुमारे ८०० गॅलन नेते, तर डीसी-१० सुमारे ९,४०० गॅलन. पण अरुंद दरीत मोठे विमान पुरेसे खाली येऊ शकत नाही, वाऱ्यात पट्टी विस्कटते आणि तापलेल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरची उचलण्याची क्षमता नेमकी गरजेच्या वेळी घटते. पट्टीने आग मंदावते. मिळालेल्या त्या वेळात जमिनीवरची तुकडी तिथे पोचली नाही तर आग पट्टीला वळसा घालते किंवा खडकांच्या फटींतून पलीकडे जाते. परिसरात एखादा खासगी ड्रोन दिसला तर सगळी विमाने जमिनीवर उतरवावी लागतात, हे आपल्या नातेवाइकांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही अवश्य सांगावे.

काही वेळा संयम मुद्दाम पाळला जातो आणि तो योग्यही असतो. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याखालील क्षेत्रात बुलडोझर सहसा नेत नाहीत. २०२३ च्या ‘यॉर्क फायर’मध्ये, जो मोहावीतून नेवाडात शिरून सुमारे ९३ हजार एकरांवर पसरला, वाळवंटी कासवांचा अधिवास आणि नाजूक जमीन यांचा विचार करून अवजड यंत्रांचा वापर मर्यादित ठेवला गेला. वाळवंटाच्या जमिनीवर उमटलेला साखळीपट्ट्याचा चर अनेक दशके बुजत नाही आणि त्याच उकरलेल्या मातीत रेड ब्रोम सर्वांत आधी उगवते. आज आग अडवण्यासाठी काढलेली रेषा पुढच्या आगीचा रस्ता होऊ नये, याची काळजी करावीच लागते.

आता तो न हलणारा आकडा. वेढ्याची टक्केवारी जळालेल्या किंवा विझलेल्या क्षेत्राची नसते. आगीच्या एकूण परिघापैकी किती लांबीवर अशी रेषा आहे की जी ओलांडून आग जाणार नाही असा पथकाला भरवसा आहे, तेवढेच ती सांगते. रेषा खोदून झाली म्हणजे टक्के मिळत नाहीत. तिच्या आतले गवत जाळून संपवायचे, मग माणसांनी ओळीने चालत कडेची राख तपासायची. हातमोजा काढून, हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन ऊब जाणवते का पाहायचे, आणि जाणवली नाही तरच बोटांनी ती उकरायची. घरट्याच्या काटक्या उपसायच्या, जळते बुंधे फोडायचे, पाणी नसेल तर कोरड्या मातीत घोळवून निखारे विझवायचे. हे काम ४० अंशांहून अधिक तापमानात, पिण्याचे पाणी पाठीवर वाहत चालते. ते पुरे झाल्यावरच त्या तुकड्याची रेषा नकाशावर काळी होते. त्यात परिघ वाढत गेला तर केलेले काम तसेच राहूनही टक्केवारी स्थिर राहते किंवा घटतेसुद्धा. आपल्याला दिसलेले १० टक्के असे असू शकतात.

त्यामुळे नातेवाइकांनी टक्केवारीऐवजी रोजच्या पत्रकात दोन गोष्टी वाचाव्यात: गावाकडच्या बाजूची रेषा कोणत्या अवस्थेत आहे, आणि दुपारच्या वाऱ्याबद्दल किंवा वादळांबद्दल राष्ट्रीय हवामान सेवेने लाल बावट्याचा, म्हणजे आग भडकण्याजोग्या हवामानाचा, इशारा दिला आहे का. ॲरिझोनात स्थलांतराच्या सूचना ‘रेडी, सेट, गो’ अशा तीन पायऱ्यांत येतात. ‘सेट’ आल्यावर औषधे, कागदपत्रे आणि पाळीव जनावरे गाडीत चढवण्याच्या तयारीत असावीत. वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील तर मी ‘गो’ची वाट न पाहता तेव्हाच निघण्यास सांगेन, कारण डोंगरपायथ्याच्या वस्त्यांना बाहेर पडण्याचा रस्ता पुष्कळदा एकच असतो. घराभोवतीचे वाळलेले गवत आणि छपराच्या पन्हळीतला पाचोळा मात्र आजच काढून टाकावा.

आग विझल्यावरही काही महिने सावध राहावे लागेल. जळालेल्या उतारावरची माती पाणी शोषत नाही आणि मान्सूनची एखादी जोरदार सर राख, दगड आणि ओंडके घेऊन ओढ्यातून खाली येते. २०२१ च्या जूनमध्ये ‘टेलिग्राफ फायर’ने ग्लोब आणि मायामी या गावांच्या परिसरातले डोंगर जाळले आणि जुलैच्या पावसात त्याच गावांत पूर आले. आपल्या नातेवाइकांचे घर जळालेल्या खोऱ्यातून येणाऱ्या ओढ्याच्या काठी असेल, तर वाळूच्या पिशव्या आणि पूरविमा यांची चौकशी वणवा चालू असतानाच करावी. तिथे सर्वसाधारण पूरविमा लागू होण्यास ३० दिवसांचा अवधी असतो आणि पहिले वादळ त्याआधी येऊ शकते.